कंबर जपण्याच्या सल्ल्याविरुद्ध

‘तुमच्या मणक्यात गॅप आहे. आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही. पट्टा लावा आणि कंबर जपा.’ कंबरदुखीने हैराण झालेल्या मराठी माणसाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. डॉक्टरांनी दिला नाही तर शेजारी देतात, कचेरीतले सहकारी देतात, मोबाइलवर रोज सकाळी येणारे आरोग्यसंदेश देतात. देणाऱ्याच्या मनात रुग्णाचं भलंच असतं. तरीही माझं म्हणणं असं की, तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या, म्हणजे जुनाट झालेल्या कंबरदुखीत हा सल्ला बहुतेकांचं नुकसान करतो. तो दुखणं घालवत नाही, मुरवतो. या सल्ल्याच्या पोटात तीन समजुती आहेत. फोटोत दिसणारा बिघाड हेच दुखण्याचं कारण, ही पहिली. पडून राहणं हा उपचार, ही दुसरी. आणि दुखतंय त्या अर्थी आत काहीतरी तुटतंय, ही तिसरी. गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनापुढे यांतली एकही टिकलेली नाही.

हे म्हणणं कोणाला लागू नाही, ते आधी सांगायला हवं. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठलं पाहिजे. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, जबर मार, उतारवयातली ठिसूळ हाडं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, यांपैकी काही असेल तर तपासण्या हव्यातच. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो, हेही विसरून चालणार नाही. चाळिशीच्या आतल्या माणसाला पहाटे कंबर दुखून जाग येत असेल, उठल्यावर अर्धा तासाहून जास्त वेळ ती ताठ राहत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर त्याने संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. तो अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. ही यादी महत्त्वाची आहे, पण यात बसणारे रुग्ण थोडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर आपली पहिली मार्गदर्शिका काढली. साध्या दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे कोणताही एक ठरावीक आजार किंवा इजा दाखवता येत नाही, असं ती सांगते. हा लेख त्या ९० टक्क्यांचा आहे.

आता पहिली समजूत. १९३४ साली बोस्टनमधल्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिलं की, दोन मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आली तर नस दाबली जाते आणि कळ पायात उतरते. शोध खरा होता आणि मोठाही होता. पण त्यानंतर कंबर दुखली की गादीकडे बोट दाखवायची सवय वैद्यकालाच जडली. पुढे एमआरआय आला आणि गादी थेट डोळ्यांना दिसू लागली. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या गाद्या कशा असतात, हा प्रश्न मात्र तोवर फारसा कुणी विचारला नव्हता.

१९९४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यांत ठणठणीत कंबरेची ३,११० माणसं होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. फुगलेल्या गाद्या विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. यांपैकी कुणालाही दुखत नव्हतं. गादीतलं पाणी वयाबरोबर कमी होतं, तिची उंची घटते, कडेने ती थोडी फुगते. पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात हे बदल नसतील तर तोच अपवाद म्हणायचा. दुखणाऱ्यांमध्ये यांतले काही बदल थोडे जास्त आढळतात, हे मान्य केलंच पाहिजे. पण समोर बसलेल्या एका माणसाचा फोटो पाहून ‘यामुळेच तुमची कंबर दुखते’ असं छातीठोकपणे सांगण्याइतका हा संबंध पक्का नाही.

फोटो वाचणाऱ्यांमध्ये तरी एकमत असतं का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६३ वर्षांच्या एकाच स्त्रीचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांमध्ये काढला गेला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवले गेले. दहाही अहवालांत आढळला असा एकसुद्धा दोष त्यांत नव्हता. ज्या कागदाच्या भरवशावर माणूस शेत विकायचा, नोकरी सोडायचा किंवा ऑपरेशनला तयार व्हायचा निर्णय घेतो, तो कागद केंद्र बदललं की एवढा बदलतो.

अहवाल वाचून रुग्णाचं काय होतं, याचा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली तो प्रसिद्ध केला. कंबरदुखीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला एमआरआयमधला प्रत्येक बदल तपशीलवार समजावून सांगितला, दुसऱ्याला सांगितलं की हे वयानुसार होणारे सर्वसाधारण बदल आहेत. उपचार दोघांना सारखेच होते. काही आठवड्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटाचं दुखणं जास्त होतं, हालचाल कमी होती आणि आपल्या मणक्याबद्दलचं मत वाईट झालं होतं. कंबर तीच, औषधं तीच. फरक फक्त काय सांगितलं याचा. मणक्यांच्या ऑपरेशनांसाठी नावाजलेल्या रुग्णालयातून हा निष्कर्ष आला आहे, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

दुसरी समजूत विश्रांतीची. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या रुग्णांपैकी अर्ध्यांना दोन दिवस आणि अर्ध्यांना सात दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही. सात दिवसवाल्यांचे कामाचे दिवस तेवढे जास्त बुडाले. १९९५ साली फिनलंडमध्ये एका गटाला विश्रांती दिली, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सांगितलं, जमेल तसं रोजचं काम चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला, विश्रांतीवाला सर्वांत उशिरा. हे दोन्ही अभ्यास नव्याने उठलेल्या दुखण्याचे आहेत. पण जिथे पडून राहण्याला सर्वांत जास्त वाव होता तिथेच ते हरलं. वर्षानुवर्षांच्या दुखण्यात त्याची बाजू घ्यायला आधारच उरत नाही.

कारण शरीराच्या रचनेतच आहे. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. पोषण तिच्यात आजूबाजूने झिरपतं, आणि हालचालीतून कमीजास्त होणारा दाब त्याला मदत करतो. कण्याला बिलगलेले खोल स्नायू अंथरुणावर पडल्या पडल्या लवकर रोडावतात. म्हणजे जपण्याच्या नावाखाली आपण गादीचं पोषण तोडतो, स्नायू गमावतो आणि कंबर आणखी कमी कामाची होते. मग थोडं काम केलं तरी दुखतं, आणि ‘बघा, म्हटलं होतं ना, जपायला हवं’ असं म्हणायला घरचे मोकळे होतात.

पट्ट्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका जुनाट कंबरदुखीत पट्टा वापरू नका असं स्पष्ट सांगते, आणि वजनं लावून कंबर ताणण्याचं ट्रॅक्शनही नको म्हणते. तरीही आपल्याकडे औषधांच्या दुकानांत पट्टे टांगलेले असतात आणि कित्येक घरांत ट्रॅक्शनच्या वजनांची आठवण ताजी आहे.

‘पण मला पट्ट्याने बरं वाटलं होतं,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना खोटं ठरवायचं कारण नाही. आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याचा पाय लावून घेतात, आणि उसण जाते. जाते हे खरंच आहे. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपसूकच ओसरते. तेव्हा जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. पायाळूचा पाय, तेलाचं मालिश, हाडवैद्याने बसवलेली नस, बी-बाराची इंजेक्शनं आणि पट्टा, सगळे एकाच रांगेत उभे आहेत. जुनं दुखणंही चढउताराचं असतं. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणं सर्वांत चढलेलं असताना, आणि त्यानंतर ते उतरणारच असतं. फाटून बाहेर आलेला गादीचा तुकडासुद्धा कित्येकदा शरीर स्वतःच शोषून टाकतं. हे न सांगता ‘गॅप भरून काढतो’ म्हणून पैसे घेणं ही फसवणूक आहे, मग ती गावच्या ओट्यावर होवो की वातानुकूलित केंद्रात.

तिसरी समजूत सगळ्यांत खोल रुजलेली आहे: दुखतंय म्हणजे आत इजा होतेय. ताज्या जखमेपुरतं हे बरोबर आहे. पण कंबरेतल्या उती फाटल्या, मुरगळल्या तरी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतात. वेदना त्यानंतरही वर्षानुवर्षं राहते तेव्हा मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. एकदा चोर पाहिलेला शेतातला राखणदार पुढे पान हललं तरी आरोळी ठोकतो, तसं हे होतं. आरोळी खरी असते, धसका खरा असतो, पण शेतात दर वेळी चोर नसतो. अपुरी झोप, कामावरची धास्ती, कर्जाची काळजी, घरातला ताण आणि ‘माझा कणा मोडलाय’ ही भीती, यांपैकी प्रत्येक गोष्ट या आरोळीचा आवाज वाढवते.

ग्लासगोचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्येच हे मांडलं होतं. कंबरदुखीने माणूस किती जायबंदी होतो हे निव्वळ मणक्याच्या स्थितीवरून ठरत नाही. दुखण्याबद्दल त्याला काय वाटतं, तो कशाला घाबरतो आणि आसपासचे लोक काय सांगतात, हेही तितकंच मोजावं लागतं, असं त्यांनी बजावलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दूरचित्रवाणीवरून लोकांना सांगायला सुरुवात केली: कंबर दुखली तरी अंथरूण धरू नका, हिंडतेफिरते राहा, कामावर जा. लोकांच्या समजुती बदलल्या, डॉक्टरांच्याही बदलल्या आणि कंबरदुखीपायी होणारे भरपाईचे दावे घटले. कुणाच्याही मणक्याला हात न लावता हे घडलं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘म्हणजे आमचं दुखणं मनाचं आहे म्हणता?’ मुळीच नाही. वेदना खरी आहे. मज्जासंस्था हा शरीराचाच भाग आहे. ‘फोटोत काही नाही, म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही’ असं म्हणून रुग्णाला परत पाठवणारा डॉक्टर आणि ‘फोटोत गॅप आहे, म्हणजे कंबर गेली’ म्हणणारा डॉक्टर, दोघांची चूक एकच आहे. दोघेही फोटोला माणसापेक्षा मोठं मानतात. याचा सर्वांत जास्त जाच बायकांना होतो. ‘बाईमाणसाची कंबर दुखायचीच’ म्हणून त्यांची तक्रार वर्षानुवर्षं ऐकलीच जात नाही. किंवा मग सिझेरियनच्या वेळी कंबरेत दिलेल्या सुईवर खापर फोडलं जातं. त्या सुईने काही दिवस ती जागा दुखू शकते. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी तिचा संबंध अभ्यासांत सिद्ध झालेला नाही. बाळंतपणानंतरचं जागरण, सावरायला न मिळालेला वेळ आणि घरकामाचा न संपणारा रगाडा यांचा संबंध मात्र कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप कष्टकऱ्यांच्या बाजूने येतो. भातलावणीत दिवसभर ओणव्याने राबणारी बाई, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढणारा तोडणी कामगार, खड्ड्यांतून एसटी हाकणारा चालक, यांची कंबर हालचाल करूनच तर दुखते. त्यांना आणखी चाला काय सांगता? मान्य. अतिश्रमाने, एकाच स्थितीत तासन्‌तास राहण्याने आणि सतत बसणाऱ्या हादऱ्यांनी कंबर दुखते. पण जपण्याचा सल्ला त्यांच्या तर अजिबातच उपयोगाचा नाही. ‘वाकू नका’ हे वाक्य तोडणी कामगाराला सांगणं म्हणजे उपाशी राहा असं सांगणं. त्याला हवी आहे मधली विसावण्याची वेळ, हलकी मोळी, कामाची पाळीपाळीने वाटणी, पुरेशी झोप आणि दुखणं चढलं तर मजुरी न बुडता मिळणारे चार दिवस. हे मुकादमाकडे, कारखान्याकडे आणि सरकारकडे मागायचं आहे. रुग्णाच्या हाती निषिद्ध गोष्टींची यादी दिली की या सगळ्यांची जबाबदारी आपोआप सुटते. म्हणूनही मला ती यादी नको आहे.

तिसरा आक्षेप ऑपरेशनचा. ऑपरेशन कधीच करू नये असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. गादीने नस दाबून पायात असह्य कळ जात असेल आणि आठवडे लोटूनही ती हटत नसेल, तर ऑपरेशनने लवकर आराम पडतो. २००७ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात हे दिसलं. वर्षअखेरीस मात्र ऑपरेशन केलेले आणि आधी वाट पाहिलेले, दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झालेले होते. पायातली ताकद जात असेल तर थांबूच नये. पण पायात कळ नाही, नुसती कंबरच वर्षानुवर्षं दुखते, अशा माणसाचे मणके स्क्रू लावून जोडण्याचा फायदा नॉर्वे आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांत कसून केलेल्या व्यायाम-पुनर्वसनापेक्षा ठळकपणे जास्त आढळला नाही.

मग करायचं काय? ‘जपा’ याच्या जागी मी ‘सोसा’ म्हणत नाही, ‘वाढवा’ म्हणतो. आज दहा मिनिटं चालवत असेल तर दहाच मिनिटं चाला, पण रोज. आठवड्याने बारा करा. दुखणं थोडं वाढलं तर थांबून न जाता एक पायरी खाली या आणि तिथून पुन्हा चढा. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या माणसांना फिजिओथेरपिस्टने हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं. उद्दिष्ट होतं आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास. चालणाऱ्यांमध्ये दुखणं उलटेपर्यंतचा मध्य काळ २०८ दिवस होता, न चालणाऱ्यांमध्ये ११२ दिवस. चालायला पैसे पडत नाहीत. कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

चालणं आवडत नसेल तर पोहा, सायकल चालवा, योगासनं करा, व्यायामशाळेत वजनं उचला. यांपैकी एक प्रकार बाकीच्यांपेक्षा खूप सरस आहे असं दिसलेलं नाही; जो तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल तो सर्वांत चांगला. वाकणं, खाली बसणं, भरलेली बादली उचलणं, हेही व्यायाम समजूनच परत शिकायचे आहेत: आधी स्टुलावर, मग पाटावर, मग जमिनीवर. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस घेतल्या तर चालायला लागण्यापुरती मदत होते. पोट आणि मूत्रपिंड धोक्यात घालून त्या महिनोन्‌महिने गिळायच्या नसतात. झोप बिघडली असेल तर तिच्याकडे आधी लक्ष द्या. भीती फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यायला लाजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत तिलाही जागा आहे. यातून प्रत्येकाचं दुखणं शून्यावर येईल असं वचन कुणीही देऊ नये. उसण पुन्हाही भरेल. पण दुखणं शून्य होईपर्यंत थांबून राहिलात तर गडावर जाणं, पंगतीत मांडी घालून बसणं आणि नातवंडाला कडेवर घेणं, सगळंच पुढे ढकलत राहाल.

डॉक्टरांना माझी विनंती आहे. धोक्याची लक्षणं नीट विचारा, रुग्णाला हात लावून तपासा, आणि ती नसतील तर एमआरआयची चिठ्ठी लिहिण्याची घाई करू नका. अहवाल आधीच काढलेला असेल तर तो हातात देताना एवढं जरूर सांगा: ‘तुमच्या वयात हे बदल सर्वसाधारण आहेत, तुमचा कणा मजबूत आहे, हालचालीने तो बिघडणार नाही.’ हे सांगायला एक मिनिट लागतं. घरच्यांनी एवढंच करावं: बरं व्हायला निघालेल्या माणसाच्या हातून पिशवी हिसकावून घेऊ नये. आणि ज्यांची कंबर दुखते आहे त्यांना सांगणं हे की, धोक्याच्या यादीतलं काही नसेल तर पट्टा काढून ठेवा आणि आज संध्याकाळी, दुखत असतानाच, जमेल तेवढं चालून या.